पॉझिटिव्हचे पेढे

माझ्या नवऱ्याच्या मानेतली गाठ सगळ्यांत आधी हाताला लागली ती आमच्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या. हे दर रविवारी सकाळी त्याच्याकडे दाढीला जायचे. त्या रविवारी वस्तरा फिरवता फिरवता तो मधेच थांबला, उजव्या कानाखाली बोटांनी चाचपलं आणि म्हणाला, "कंडक्टर साहेब, ही गाठ कधीपासून हाय?"

"असंल. दुखत न्हाई काही."

"दुखत न्हाई म्हणूनच इचारून राहिलो. दुखली असती तर दाढ असंल म्हणून सोडून दिलं असतं. दवाखान्यात दाखवा."

यांनी घरी येऊन मला ही हकीगत गंमत म्हणून सांगितली. मी परातीत कणीक मळत होते. हात धुतले आणि गाठ चाचपून पाहिली. सुपारीएवढी, टणक. पुन्हा कणकेत हात घातला, आणि चार मुठी मारून झाल्यावर म्हणाले, "उद्या रजा टाका."

आमचं घर लातूरला, माझं माहेर नांदेडचं, आणि यांचं गाव कंधारजवळ. हे लाल गाडीवर कंडक्टर, लातूरच्या डेपोला. आवाज असा, की यांनी दारात उभं राहून "लोहा!" अशी हाक दिली की ज्यांना अहमदपूरला उतरायचं तेही पिशव्या घेऊन उभे राहायचे. आमचं लग्न भूकंपाच्या वर्षी ठरलं होतं. सप्टेंबरात भूकंप झाला आणि लग्न होतं फाल्गुनात. मधल्या महिन्यांत नांदेडची एकेक बाई येऊन माझ्या आईला सांगून जायची, "लातूरला पोरगी देऊन राहिलात? तिथं जमीनच जाग्यावर ऱ्हात न्हाई." आई घाबरली होती. वडील मात्र म्हणाले, जमिनीला द्यायची नाही, मुलाला द्यायची आहे.

लग्न नांदेडला झालं. लातूरकडचं वऱ्हाड आलं आणि कार्यालयाच्या दारातच अडून बसलं. स्लॅबखाली कुणी यायला तयार होईना. शेवटी बोहलं उचलून मागच्या मोकळ्या जागेत आणलं. मंगलाष्टकं सुरू झाली, आणि तिसऱ्या की चौथ्या कडव्याला स्वयंपाकघरात कुणाच्या तरी हातून मोठं पातेलं पडलं. धडाम आवाज झाला. सगळं वऱ्हाड अक्षता हातात घेऊन रस्त्यावर! अंतरपाटापलीकडे नवरदेवही नाही! भटजी एकटे अंतरपाटाचं टोक धरून उभे. मग हे परत आले, मुंडावळ्या कानावर गेलेल्या, धाप लागलेली, आणि हसू आवरत नाहीये. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा मी जो चेहरा पाहिला तो हा.

पुढे लातूर पुन्हा उभं राहिलं आणि आमच्या गल्लीत घरांपेक्षा क्लासच्या पाट्या जास्त झाल्या. जळकोट, उदगीर, देगलूर, भोकर, कुठून कुठून मुलं डॉक्टर व्हायला आमच्या गल्लीत येऊन राहू लागली. आमचा एकुलता एक मुलगा नोकरीला पुण्याला गेला, तेव्हा मी पुढच्या खोलीत मेस सुरू केली. दोन पंगती व्हायच्या. मुलं जेवताना अभ्यास करायची, आणि अभ्यास मोठ्यानं करायची. वाटाण्याची उसळ केली की आनुवंशिकता सुरू. मटण केलं की एकजण हाडाचं नाव सांगणार आणि दुसरा ते खोडून काढणार. मी दहावीनंतर कला शाखेला गेलेली बाई, पण किडनी कशी चालते ते मला पोळ्या लाटता लाटता पाठ झालं. त्यात जळकोटची एक मुलगी होती, उंच, चष्मा, तोंडात घास असतानाच बोलणारी. तिचं ते परीक्षेचं दुसरं वर्ष होतं, त्यामुळे बाकीची मुलं तिला अर्धी डॉक्टर समजत.

तर सोमवारी आम्ही लातुरातच एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घसा पाहिला, मान पाहिली आणि विचारलं, "तंबाखू किती वर्षं खाता?"

"खात नाही."

"गुटखा?"

"नाही."

"बिडी-सिगारेट?"

"नाही साहेब."

मग डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता खरं काय ते तुम्ही सांगा. मला काहीतरी कबूल करावंसं वाटलं म्हणून मी म्हणाले, "चहा लई पितात."

गाठीतून सुईनं पाणी काढून तपासायला दिलं. चार दिवसांनी डॉक्टरांनी खुर्चीत बसवून सांगितलं, कॅन्सरच्या पेशी आहेत. मूळ कुठंतरी घशात असणार आणि तिथून मानेत पसरलंय. नांदेडला कॅन्सरच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जा. आम्ही बाहेर येऊन पायरीवर बसलो. हे म्हणाले, "पसरलंय म्हणाले ना?" मी म्हणाले, "हो." संध्याकाळी मुलांना भाकरी वाढताना माझ्या दोन भाकऱ्या ताटाबाहेर पडल्या.

बातमी कंधारला पोचली आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं आक्का आल्या. आक्का म्हणजे यांची थोरली बहीण. विधवा बाई, शेती स्वतः बघणारी, आणि यांना लहानपणी कडेवर खेळवलेलं असल्यामुळे यांच्यावर कायमचा हक्क असलेली. दारात चप्पल काढली, पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि सरळ आत जाऊन यांची ट्रंक उघडली.

"आक्का, काय शोधून राहिल्या?" मी विचारलं.

"पुडी. तंबाखूबिगर असला रोग होत न्हाई. आमच्या गावात तीन जण गेले, तिघं बी खात होते. ह्यानं कुठंतरी दडवली असंल."

ट्रंकेत शिट्टी निघाली, खडीसाखर निघाली, आमच्या लग्नाची पत्रिका निघाली. खाकी शर्टाच्या आतल्या खिशात मात्र खरंच एक कागदी पुडी सापडली. आक्कांनी ती हात उंच करून मला दाखवली. मग नाकाशी धरली. मग पुन्हा धरली.

"बडीशेप हाय," त्या निराश होऊन म्हणाल्या. "ह्याच्यात मिसळून खातोस का रे?"

हे बिचारे खाटेवर बसले होते. त्यांनी पुडी घेतली, सगळी बडीशेप तोंडात टाकली आणि चावून दाखवली. आक्कांनी तोंड उघडायला लावून आत पाहिलं. मग पहिल्यांदा त्यांचे डोळे भरले. "मग तुलाच कामून झालं रे?" त्या म्हणाल्या, आणि ट्रंक बंद केली.

नांदेडची डॉक्टर अगदी तरुण होती. आमच्या मेसमध्ये जेवायला बसली असती तर कुणाला वेगळी वाटली नसती. तिनं घशात दुर्बीण घालून पाहिलं, बारीक तुकडा काढला, फोटो काढायला पाठवलं आणि म्हणाली, "मूळ जागा सापडली. उजवा टॉन्सिल. अगदी ज्वारीच्या दाण्याएवढी आहे. मानेतली गाठ तिच्या कितीतरी पट मोठी आहे. तंबाखू?"

"नाही," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

"ठीक आहे. मग मी या तुकड्याची अजून एक तपासणी करायला सांगते. पी-सोळा. कॅन्सर कशानं झाला ते त्यातून कळेल."

हे तिच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे तुमचा विश्वास बसला?"

"का नाही बसणार?"

एवढ्या एका वाक्यावर यांनी उठून तिचा हात हातात घेतला आणि गदागदा हलवला. परतीच्या वाटेवर कॅन्सर राहिला बाजूला, "पोरीनं ऐकलं बघ माझं," हेच अहमदपूरपर्यंत चाललं.

आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट मोबाईलवर आला. दुपारची पहिली पंगत बसली होती, आक्का वरण वाढत होत्या. यांनी चष्मा लावला आणि ज्या आवाजात गावांची नावं पुकारायचे त्याच आवाजात वाचलं, "पी-सोळा. पॉझिटिव्ह."

आक्कांनी वरणाचं पातेलं खाली ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि मोठ्यानं रडायलाच सुरुवात केली. मुलांचे हात ताटात थांबले.

"रडू नका, रडू नका!" जळकोटची मुलगी तोंडातल्या भाकरीसकट ओरडली. "काका, हे पॉझिटिव्ह चांगलं असतं!"

"कॅन्सर पॉझिटिव्ह, अन् चांगलं?" आक्का रडायच्या थांबून म्हणाल्या.

"म्हणजे… वाईटातलं चांगलं. सरांनी क्लासमध्ये सांगितलं होतं. मला वाटतं."

"वाटतं का हाय?"

तिला ते नक्की सांगता येईना. मग मी धीर करून डॉक्टरीणबाईंनाच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"हो, पाहिला मी रिपोर्ट," पलीकडून आवाज आला. "मला हेच हवं होतं. तुमचा कॅन्सर विषाणूमुळे झालेला आहे, आणि हा प्रकार उपचारांना फार चांगली साथ देतो."

पुढचं काही ऐकूच आलं नाही. मुलांनी ताटं वाजवली, कुणी टेबलावर बुक्क्या मारल्या, एकानं यांना मागून मिठी मारून खुर्चीतून उचललंच. फोनवर डॉक्टरीण विचारत होती, "तिथं काय चाललंय? लग्न आहे का?"

"मेस हाय मॅडम," हे ओरडले.

"बरं. परवा या, मी नीट समजावते. आणि फार नाचू नका, उपचार कठीण आहेत."

पण आक्का केव्हाच चप्पल घालून बाहेर पडल्या होत्या. त्या परतल्या त्या पेढ्यांचा पुडा घेऊन. दोन्ही पंगतींना पेढे झाले, मग गल्लीत झाले. समोरच्या घरातल्या बाईंना वाटलं, मेसमधल्या कुणाचा नंबर लागला. त्या विचारू लागल्या, "कोणत्या पोरीचा निकाल?"

"पोरीचा न्हाई," आक्का अभिमानानं म्हणाल्या. "माझ्या भावाचा. कॅन्सर पॉझिटिव्ह आला."

त्या बाईंनी पेढा तोंडापाशी नेलेला तसाच धरला. खावा की ठेवावा, ते त्यांना बराच वेळ कळलं नाही.

परवाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून कागदावर चित्र काढलं. आधी घसा, मग दोन्ही टॉन्सिल, मग त्यांतल्या बारीक बारीक खोबणी. "हा विषाणू या खोबणींत दडून बसतो," ती म्हणाली. "खूप लोकांच्या शरीरात येतो आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत निघूनही जातो. कळतसुद्धा नाही. एखाद्याच्या शरीरात मात्र राहतो. वीस वर्षं, पंचवीस वर्षं. आपल्या पेशींना 'आता वाढू नको, थांब' असं सांगणारी एक व्यवस्था असते, ती तो मोडतो. मग पेशी वाढतच जातात."

"पण पसरला कसा?" मी विचारलं. माझ्या डोक्यात तो एकच शब्द अडकून बसला होता. "दाण्याएवढा होता म्हणता, मग एवढी मोठी गाठ मानेत कशी?"

"याचा स्वभावच तसा आहे. टॉन्सिलमधून मानेच्या गाठींकडे जायची वाट अगदी जवळची, म्हणून हा लवकर मानेत उतरतो. घशात काही टोचत नाही, दुखत नाही. मानेतली गाठच पहिल्यांदा हाताला लागते. तंबाखूचा कॅन्सर असा मानेत उतरला असता तर मला जास्त काळजी वाटली असती. याचं तसं नाही. हा पसरतो लवकर, पण किरणांपुढे आणि औषधापुढे विरघळतोही लवकर. खात्री मी कुणालाच देत नाही. पण मी तुमच्या जागी असते तर आशा धरली असती."

हे एवढे खूश झाले की त्यांनी तो चित्राचा कागद मागून घेतला. मग विचारलं, "पण मॅडम, तो आला कुठून?"

डॉक्टरीणबाई उठली, दाराचा पडदा नीट ओढला आणि परत येऊन बसली. "जवळिकीतून येतो," ती सरळ म्हणाली. "नवरा-बायकोच्या संबंधातून. तोंडाचा संबंध आला की तोंडात येतो. कधी आला, कुणाकडून आला, हे जगातल्या कुठल्याही तपासणीत कळत नाही. लग्नाआधीचा असेल, नंतरचा असेल. तुमच्याकडून यांना गेला असेल किंवा यांच्याकडून तुम्हाला. म्हणून घरी जाऊन भांडू नका. त्याचा काही उपयोग नाही."

हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. मी पदराच्या टोकाची गाठ मारत होते आणि सोडत होते.

परतीच्या गाडीत हे खिडकीशी बसले, मी शेजारी. लोहा गेलं. यांचं तोंड बाहेर. लग्नाआधी, लातूरला येण्यापूर्वी, चार वर्षं हे भोकरच्या डेपोला होते, खोली घेऊन एकटे राहायचे, एवढं मला माहीत होतं. मी सरळच विचारलं.

"भोकरला कोणी होतं का?"

यांनी चित्राचा कागद मांडीवर सरळ केला. मग म्हणाले, "होती एक."

"कोण?"

"शाळेत बाई होती. रोज माझ्याच गाडीनं यायची."

"मग?"

"मग काय. तिच्या घरच्यांनी दुसरीकडं दिली."

"तेवढंच?"

यांचे कान लाल झाले. बावन्न वर्षांच्या माणसाचे कान एवढे लाल होऊ शकतात हे मला ठाऊक नव्हतं. "तेवढंच न्हाई," ते खिडकीकडे बघत म्हणाले.

माझ्या छातीत काहीतरी पेटलं. कॅन्सर ऐकल्यावर पेटलं नव्हतं तसं. दोन-तीन गावं जाईपर्यंत मी त्या न पाहिलेल्या बाईवर मनातल्या मनात तोंड टाकलं. ती आता कुठल्या तरी गावी सुना-नातवंडांत बसली असेल, तिला काय पत्ता! मग मी सहज यांच्याकडे पाहिलं. मानेत गाठ, मांडीवर घशाचं चित्र, आणि शाळेत उभं केलेल्या मुलासारखा पडलेला चेहरा. मला पोटातून हसू यायला लागलं.

"हसतेस काय?"

"डॉक्टरीण म्हणाली की माझ्याकडूनबी आला असेल. तुम्ही मला काहीच विचारलं नाही."

"तुला काय इचारायचं?" हे खरोखरच नवल करत म्हणाले.

त्या विश्वासाची मला गंमत वाटली आणि थोडा रागही आला. म्हणून मी सांगून टाकलं. "नांदेडला कॉलेजात असताना. जिन्याखाली. एकदाच."

हे सीटवरून अर्धे उठले. "कोण?"

"होता एक वर्गातला. आता त्याचा पेट्रोल पंप आहे."

"कोणता पंप?"

"ते सांगणार नाही."

"आपण तिथं पेट्रोल भरलंय का?"

यावर मला जे हसू फुटलं ते आवरेचना. मग यांनाही फुटलं. मानेवरची गाठ एका हातानं धरून हे हसत होते, मी पदरात तोंड घालून हसत होते, पुढच्या सीटवरचं पोर वळून वळून आमच्याकडे बघत होतं. गाडीचा कंडक्टर यांच्याच हाताखाली शिकलेला. तो धावत आला. "साहेब, काय झालं? वहिनी रडून राहिल्या का?"

"न्हाई रे," हे डोळे पुसत म्हणाले. "जुनं उकरून राहिलो आम्ही."

लातूर येईपर्यंत आम्ही एकमेकांना इतक्या वर्षांत न सांगितलेलं बरंच सांगितलं. तिला कवठाची चटणी आवडायची. त्याचं अक्षर सुंदर होतं. तो विषाणू तिचा की त्याचा की आणखी कुठला, ते कळलं नाही, आणि त्या दिवसानंतर आम्ही कधी विचारलंही नाही.

घरी आक्कांना मी एवढंच सांगितलं, की हा विषाणूनं झालाय. आक्कांनी ऐकून घेतलं आणि संध्याकाळी यांचं ताट, वाटी, तांब्या वेगळं काढून मोरीजवळ मांडलं. "इषाणू म्हणजे सर्दीसारखं ना? पोरांना लागायला नको." मी म्हणाले, "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, ताटातनं, पाण्यातनं काही लागत नाही. कॅन्सर तर कुणाचा कुणाला लागतच नाही." मग आक्का यांच्यासमोर बसल्या, यांनी अर्धवट टाकलेली भाकरी उचलली, यांच्याच वाटीत बुडवली आणि खाल्ली. ते वेगळं ताट पुन्हा फळीवर गेलं.

उपचार सात आठवड्यांचे होते, म्हणून आम्ही नांदेडला माझ्या भावाकडे राहायला गेलो. मेस आक्कांनी ताब्यात घेतली, मुलगा शनिवार-रविवारी पुण्याहून येऊन जायचा. रोज किरणं, आठवड्यातून एकदा सलाईनमधून कॅन्सरचं औषध. किरणं देताना डोकं हलू नये म्हणून यांच्या चेहऱ्याचा जाळीदार मुखवटा बनवला होता, तो टेबलाला पक्का लावायचे. पहिले दोन आठवडे हे मजेत होते. मुखवट्याला बघून म्हणायचे, "ह्याचं नाक माझ्यापेक्षा बरं आलंय." तिसऱ्या आठवड्यात घसा सोलून निघाला. पाण्याचा घोट गिळताना हे टेबलाची कड धरायचे. चौथ्यात आवाज बसला, नाकातून नळी घातली, आणि ज्या माणसानं आयुष्यभर गावं पुकारली तो पाटीवर लिहून बोलू लागला.

एका दुपारी यांनी पाटीवर लिहिलं, "बस झालं. उद्या जाणार नाही."

मी पाटी वाचली, खाली ठेवली आणि भावाच्या घराच्या जिन्यात जाऊन रडले. जिन्यातच फोन वाजला. जळकोटची मुलगी होती.

"काकू, तुम्ही कधी येताय? आक्का सगळ्यांत ठेचा घालताहेत. वरणात पण. काल टेस्ट होती, अर्ध्या वर्गाचं नाक गळत होतं. सरांनी विचारलं, साथ आलीये का? आम्ही म्हटलं, नाही सर, मेस बदललीये."

"अगं, मग सांगा ना आक्कांना."

"सांगितलं. त्या म्हणतात, जेवढं तिखट तेवढं डोकं चालतं."

मी आत जाऊन हे सगळं यांना जसंच्या तसं सांगितलं, आक्कांच्या आवाजात. यांचे खांदे हलायला लागले. घसा दुखून डोळ्यांत पाणी आलं तरी हसू थांबेना. पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, "हसवू नको." थोड्या वेळानं त्याखाली लिहिलं, "उद्या किती वाजता?"

त्याच आठवड्यात यांच्या मानेला मलम लावताना मला गाठ सापडेना. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, वाटलं मीच बाजू विसरले. मी वहिनीला हाक मारली, भावाला मारली. सगळ्यांनी आळीपाळीनं मान चाचपली. कुणालाच सापडेना. यांना गुदगुल्या होत होत्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनीही चाचपलं आणि म्हणाली, "म्हटलं होतं ना, विरघळतो." मी त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, पेशंटच्या नातेवाइकांसमोर, चक्क दोन टाळ्या वाजवल्या.

तीन महिन्यांनी पुन्हा फोटो काढला, तो स्वच्छ आला. आवाज परत आला, जरा खरखरीत. तोंड मात्र कोरडंच राहिलं, आजही पाण्याची बाटली जवळ लागते. आणि चव गेली होती. पुरणपोळी द्या की पुठ्ठा द्या, यांना सारखंच. मी रोज काही ना काही करून समोर ठेवायची आणि तोंडाकडे बघत बसायची. हे मान हलवायचे. एक दिवस जेवताना ताकाचा घोट घेतला आणि थांबले.

"अगं, ताक आंबट हाय."

"काय म्हणालात?"

"लई आंबट हाय. कालचं हाय का?"

माझं ताक आंबट झालं म्हणून मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. हे तीन पेले प्यायले. आक्का तेव्हा आमच्याकडेच होत्या, त्यांनीही एक पेला घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "खरंच की!"

जळकोटच्या मुलीला त्या वर्षी दातांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला. सामान न्यायला आली तेव्हा तिनं आधी यांना आ करायला लावला.

पुढच्या एका तपासणीला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की या विषाणूची लस असते. मुलींना लहानपणीच द्यावी, मुलांनाही देता येते. आक्का सोबत होत्या. त्यांच्या दोन नाती, एक अकरा वर्षांची, एक तेरा. आक्कांनी तिथंच ठरवून टाकलं. पंधरा दिवसांत त्या दोघींना घेऊन नांदेडला निघाल्या. मलाही कंधारला बोलावून सोबत घेतलं.

गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, "पोरी आजारी हायत का?"

"न्हाई, सुई द्यायला नेऊन राहिले," आक्का म्हणाल्या. भावाचा आवाज आणि बहिणीचा आवाज एकाच खाणीतला. पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. "घशाच्या कॅन्सरची. त्याचा इषाणू असतो. घशात खोबणीत दडून बसतो, वीस-वीस वर्षं. मग मानेत उतरतो. माझ्या भावाला झाला होता, आता ठणठणीत हाय. पण पोरींना आधीच सुई दिली की तो आत शिरतच न्हाई."

"आगं बाई! अन् होतो कशानं?" त्या बाईनं विचारलं.

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना "जवळिकीनं" एवढंच सांगितलं होतं, आणि तेही कानात. मी खिडकीबाहेर बघू लागले. आक्कांनी क्षणभर विचार केला आणि सगळ्या गाडीला सांगितलं, "लग्नानं होतो!"

मोठ्या नातीनं ओढणीत तोंड लपवलं. मग मागच्या सीटवरून एक म्हातारबुवा खणखणीत म्हणाले, "मग मला लई उशीर झाला की बाई!"

गाडी हसण्यानं अशी हलली की ड्रायव्हरनं वेग कमी केला. सगळ्यांत जास्त आक्काच हसत होत्या, धाकटी नात त्यांना विचारत होती, "आजी, काय झालं?", आणि त्या तिला उत्तर न देता बडीशेपेची पुडी उघडून गाडीभर वाटायला उठल्या.